तीन बरोबरी, मग एक निकाल: बाटूमीतला दिव्या-हंपी सामना समजून घेताना

नागपूरहून आत्याचा फोन आला तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजून गेले असतील. तारीख २८ जुलै २०२५. "काहून गं, तीन डाव झाले, तिन्ही बरोबरीत. आता काय छापा-काटा करतात का?"

दिव्या देशमुख नागपूरची, म्हणजे आत्याच्या हिशेबाने घरचीच. एरवी बुद्धिबळाकडे ढुंकूनही न बघणारी आत्या त्या दिवसांत मोबाइल डब्याला टेकवून भाजी निवडत सामना बघत होती. घोडा अडीच घरं जातो, उंट तिरका, हत्ती सरळ, एवढं तिला लहानपणापासून येतं. पण पडद्यावर जे चाललं होतं त्याचा तिला काही केल्या थांग लागेना. दोघीजणी कपाळाला हात लावून बसलेल्या. बराच वेळ कोणी हलत नाही. बाजूला एक काळी-पांढरी पट्टी उगाच वरखाली होते. शेवटी दोघी हात मिळवून उठतात. कोण जिंकलं? कोणीच नाही.

तिला फोनवर तुकड्यातुकड्याने सांगितलं तेच इथे जरा नीट लावून लिहिते. बुद्धिबळ येत नसलं तरी चालेल. पटावर चौसष्ट घरं असतात आणि राजा वाचवायचा असतो, इतकं ठाऊक असलं की पुरे.

आधी एक गैरसमज काढून टाकते, कारण त्या आठवड्यात तो बराच फिरला. दिव्या जगज्जेती झाली नाही. ती जिंकली तो महिला विश्वचषक. जगज्जेतेपद हा निराळा किताब आहे आणि तो तेव्हा चीनच्या जू वेनजुनकडे होता. तिथवर जायचा रस्ता असा: विश्वचषकासारख्या काही स्पर्धांमधून आठ जणी निवडल्या जातात, त्या कँडिडेट्स स्पर्धेत आपापसात खेळतात आणि तिथली विजेती जगज्जेतीला आव्हान देते. बाटूमीतून पहिल्या तिघींना कँडिडेट्सचं तिकीट होतं. म्हणजे अंतिम फेरी गाठली तेव्हाच दिव्या आणि कोनेरू हंपी दोघींची ती सोय झालेली होती. उरला होता तो चषक, ५० हजार आणि ३५ हजार डॉलर या बक्षिसांमधला फरक, आणि दिव्यापुरती आणखी एक गोष्ट. तिच्याकडे नंतर येते.

बाटूमी हे जॉर्जियाचं काळ्या समुद्रावरचं बंदर. बायकांचं बुद्धिबळ म्हटलं की या एवढ्याशा देशाचं नाव आधी घ्यावं लागतं. नोना गाप्रिंदाश्विली १९६२ मध्ये जगज्जेती झाली आणि सोळा वर्षं राहिली. १९७८ मध्ये तिला हरवलं ते दुसऱ्या जॉर्जियन मुलीने, सतरा वर्षांच्या माया चिबुर्दानिद्झेने, आणि तिने तो किताब १९९१ पर्यंत सोडला नाही. एकोणतीस वर्षं किताब त्या देशाबाहेर गेलाच नाही.

तर त्या गावात जुलै महिन्यात १०७ जणी जमल्या. बाद पद्धतीची स्पर्धा. प्रत्येक जोडीत दोन डाव, एकदा पांढरे मोहरे आणि एकदा काळे, म्हणजे पहिली चाल करण्याचा फायदा दोघींना एकेकदा. हा फायदा फार मोठा नसतो, पण असतो. वरच्या पातळीवर शंभर डावांत पांढऱ्याच्या पदरात साधारण चोपन्न-पंचावन्न गुण पडतात. जिंकल्यास एक गुण, बरोबरीला अर्धा. दोन डावांनंतर जिचे गुण जास्त ती पुढे, दुसरी घरी.

दिव्याला मानांकन होतं पंधरावं. पंधराव्या मानांकनाच्या मुलीने जिंकावं अशी कोणाची अपेक्षा नसते. तिने वाटेत दुसऱ्या मानांकनाच्या चिनी झू जिनरला काढलं, मग आपल्याच द्रोणवल्ली हरिकाला, आणि उपांत्य फेरीत माजी जगज्जेती टॅन झोंगयीला. टॅनविरुद्धचा दुसरा डाव १०१ चाली चालला. हंपीची उपांत्य फेरी त्याहून जीवघेणी होती. लेई टिंगजीविरुद्ध तिला आठ डाव खेळावे लागले, तेव्हा कुठे ५-३ असा निकाल लागला.

आता आत्याचा खरा प्रश्न. इतक्या हुशार बायका, इतका वेळ खेळून बरोबरी का करतात?

उत्तर जरा कडू आहे. बुद्धिबळात जिंकता येत नाही, समोरच्याने हरावं लागतं. सुरुवातीला दोन्ही बाजूंना सारखंच सैन्य. दोघींनी काहीही चुकीचं केलं नाही तर शेवटी पटावर दोन राजे आणि थोडा कचरा उरतो आणि कोणालाच मात देता येत नाही. कधी तीच तीच स्थिती तिसऱ्यांदा पटावर येते आणि खेळाडू बरोबरीचा दावा करते. कधी दोघींना कळतं की इथे आता काही निघणार नाही, त्या हात मिळवतात. कुस्तीत दोन तोडीस तोड पैलवान भिडले की कुस्ती सोडवतात, तसंच. ज्याला डाव-पेच कळत नाहीत त्याला ती कुस्ती कंटाळवाणी वाटते. ज्याला कळतात तो घामाघूम होऊन बघत असतो.

२६ आणि २७ जुलैला संथ चालीचे दोन डाव झाले. 'संथ' हा माझा शब्द, तिकडे क्लासिकल म्हणतात. पहिल्यात दिव्याकडे पांढरे मोहरे होते आणि तिला चांगली संधी मिळाली होती. ती निसटली. दुसऱ्यात हंपीकडे पांढरे. दोन्ही बरोबरीत. मग आला टायब्रेक, आणि छापा-काटा इथे नसतो. त्याच्या जागी घड्याळ येतं.

या सामन्यातलं सगळ्यात समजून घेण्याजोगं काही असेल तर ते हे घड्याळ. पटाशेजारी एक दुहेरी घड्याळ असतं, दोघींची वेळ वेगवेगळी दाखवणारं. चाल करायची, ज्या हाताने केली त्याच हाताने बटण दाबायचं, की आपलं घड्याळ थांबतं आणि समोरचीचं चालू होतं. शून्यावर आलात की हरलात, मग पटावर तुमचं काहीही भारी असो. (एकच अपवाद: समोरच्याकडे मात देण्याजोगं सैन्यच उरलं नसेल तर बरोबरी.)

संथ डावात पहिल्या चाळीस चालींना ९० मिनिटं, पुढे आणखी ३० मिनिटं, आणि पहिल्या चालीपासून प्रत्येक चालीमागे ३० सेकंद खिशात पडत जातात. हिशेब करू. चाळीस चालींना ९० मिनिटं अधिक चाळीस वेळा अर्धं मिनिट, म्हणजे ११० मिनिटं. एका चालीला सरासरी पावणेतीन मिनिटं. तेवढ्यात माणूस विचार करू शकतो, चूक दिसली तर परत फिरू शकतो, पाणी पिऊन येऊ शकतो.

टायब्रेकच्या पहिल्या दोन डावांत १५ मिनिटं आणि चालीमागे १० सेकंद. त्याला रॅपिड म्हणतात. चाळीस चालींना मिळून जेमतेम एकवीस मिनिटं चाळीस सेकंद, म्हणजे चालीला अर्धा मिनिट. तिथेही बरोबरी झाली तर १० मिनिटं अधिक १० सेकंदांचे दोन डाव. मग ५ मिनिटं अधिक ३ सेकंदांचे दोन. मग ३ मिनिटं आणि २ सेकंदांचा एकेक डाव, कोणीतरी जिंकेपर्यंत. दोरी अशी आवळत नेतात की कधीतरी कोणाचा तरी हात चुकावाच.

काही जाणकार यावर नाक मुरडतात. त्यांच्या मते तीन आठवडे संथ बुद्धिबळ खेळून शेवटी निकाल घाईच्या डावांवर लावणं म्हणजे शास्त्रीय गायनाची स्पर्धा अंताक्षरीने मिटवणं. मला ते पटत नाही. दोघीही एकाच घड्याळाखाली बसतात, आणि वेळ कमी असताना डोकं जागेवर ठेवणं हेही कसबच आहे. शिवाय त्या कसबात हंपीचं नाव जगात वरच्या रांगेत होतं. ती दोनदा रॅपिडची जगज्जेती झालेली, २०१९ मध्ये मॉस्कोला आणि २०२४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला. टायब्रेक सुरू होताना माझा स्वतःचा कौल तिच्या बाजूने होता. आत्याला तसं सांगितलं नाही, एवढंच.

हंपीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण त्या दिवसांत आपल्याकडच्या चॅनेलांना फक्त दिव्याच दिसत होती. आंध्रातली ही बाई २००२ मध्ये, पंधरा वर्षं एक महिन्याची असताना ग्रँडमास्टर झाली (खेळाडूच्या कसबासाठी बुद्धिबळात मिळणारा हा सगळ्यात वरचा किताब). तोवर इतक्या लहान वयात जगात कुठलीच मुलगी झाली नव्हती. दिव्याचा जन्म डिसेंबर २००५ चा. म्हणजे दिव्या जन्मली तेव्हा समोरची बाई तीन वर्षांची जुनी ग्रँडमास्टर होती. हंपी हे नाव आईवडिलांनी 'चॅम्पियन' या शब्दातून काढलं, आणि त्याचं इंग्रजी स्पेलिंग वडिलांनी रशियन वाटावं म्हणून बदललं. त्या काळात बुद्धिबळ म्हणजे रशिया, हे समीकरण किती घट्ट होतं ते यावरून कळावं. मुलगी झाल्यावर ती दोनेक वर्षं पटापासून लांब होती. परतून २०१८ च्या ऑलिम्पियाडमध्ये भारताकडून खेळली, तेही याच बाटूमीत.

टायब्रेकचा पहिला रॅपिड डाव, दिव्याचे पांढरे मोहरे, बरोबरीत. आत्याचा फोन आला तो इथे. आता हंपीकडे पांढरे.

हंपीने कॅटलान मांडलं. सुरुवातीच्या चालींच्या ठरीव रचनांना अशी नावं असतात. कॅटलानचं नाव बार्सिलोनाच्या मुलखावरून आलं. १९२९ मध्ये तिथे स्पर्धा होती, आयोजकांनी तार्ताकोवर या खेळाडूला आमच्या प्रदेशाच्या नावाने काहीतरी काढा असं सांगितलं, आणि त्याने हे काढलं. यात पांढरा आपल्या राजाच्या बाजूचं, घोड्यासमोरचं प्यादं एक घर पुढे सरकवतो आणि रिकाम्या झालेल्या त्या घरात उंट बसवतो. तिथून उंटाची नजर अख्ख्या कर्णावर, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. उंट काही करत नाही, नुसता बघत असतो. पण गल्लीच्या तोंडाशी पोलीस उभा असला की पोरं कशी जपून चालतात, तसं काळ्याला सगळं जपून करावं लागतं. सावकाश दाबत नेणाऱ्या खेळाडूची ही रचना आहे, आणि हंपी तशीच खेळाडू.

दिव्याने तो दाब बसू दिला नाही. डाव समतोल राहिला. आणि समतोल डावात घड्याळ बोलायला लागतं. चाळिसाव्या चालीच्या सुमाराला हंपीकडे वेळ फार थोडा होता, आणि तिने एक प्यादं पुढे टाकून दिलं.

याला म्हणतात बळी देणं. प्यादं द्यायचं आणि बदल्यात मोकळी जागा, हल्ला किंवा वेळ घ्यायची. हिशेब बरोबर असला तर लोक टाळ्या वाजवतात. हिशेब चुकला तर ते नुसतं प्यादं गमावणं. संथ डाव असता तर हंपीने तिथे दहा मिनिटं डोळे मिटून पुढच्या आठ-दहा चाली तपासल्या असत्या. इथे तिच्याकडे सेकंद होते. बदल्यात पुरेसं काही आलं नाही आणि दिव्याचं पारडं जड झालं.

पुढचं बघताना माझ्याही हातातला चहा गार झाला. कारण दिव्यालाही ते सरळ जिंकता येईना. वेळ तिच्याकडेही भरपूर नव्हता. हातात आलेला डाव तिच्याकडून सैल पडला, हंपी परत बरोबरीच्या काठाला लागली, आणि मग पुन्हा हंपीचा हात चुकला. ७५ चालींनंतर हंपीने डाव सोडला. ७५ चाली म्हणजे पंधरा मिनिटं अधिक साडेबारा मिनिटं, एकूण साडेसत्तावीस. सरासरी बावीस सेकंदांना एक चाल, आणि शेवटी तर फक्त खिशात पडणाऱ्या त्या दहा सेकंदांवर जगायचं. दहा सेकंदांत चाल शोधायची, मोहरा उचलायचा, ठेवायचा आणि बटण दाबायचं. चपातीसुद्धा दहा सेकंदांत उलटून होत नाही.

सामना २.५-१.५. एकोणीस वर्षांच्या दिव्याला तिथेच रडू आलं, आणि मग ती आईच्या गळ्यात पडली. हे सगळ्यांनी बघितलं. नंतर तिने जे सांगितलं ते मला जास्त आवडलं: डावाचा शेवट आपण मध्येच घोळात घातला, आणि आपल्याला शेवटाचा अभ्यास करायला हवा. विश्वचषक हातात असताना.

त्या पट्टीबद्दलही सांगते, कारण आत्याचा सगळ्यात जास्त राग तिच्यावर. प्रक्षेपणात बाजूला जी काळी-पांढरी पट्टी दिसते ती संगणकाचं मत दाखवते. संगणक कोट्यवधी स्थिती तपासून सांगतो की आत्ता कोण किती पुढे आहे. अधिक दीड म्हणजे पांढऱ्याकडे दीड प्याद्याइतकी आघाडी, उणे असेल तर काळ्याकडे. पट्टी एकदम खाली कोसळली की घरोघरी लोक ओरडतात, "अरे, काय घोडचूक केली!" पण ती पट्टी त्या दोघींना दिसत नसते. आणि संगणकाला थकवा नसतो, घड्याळ नसतं, समोर बसून टक लावून बघणारी बाई नसते. पट्टी बघून खेळाडूला नावं ठेवणं म्हणजे उत्तरपत्रिका हातात घेऊन परीक्षेला बसलेल्या पोराला हसणं.

तरी एक प्रश्न राहतो: थोडे मोहरे उरलेले असताना इतक्या मुरलेल्या खेळाडू चुकतात कशा? उलट सोपं व्हायला हवं ना? यासाठी आत्याला मी एक स्थिती मांडायला सांगितली. पटाच्या उभ्या ओळींना ए ते एच नावं, आडव्यांना १ ते ८ आकडे. पांढरा राजा ई-६ वर. त्याचं एकुलतं एक प्यादं शेजारीच, डी-६ वर. काळा राजा ई-८ वर, म्हणजे पांढऱ्या राजाच्या समोर, मध्ये एक घर सोडून. बाकी पट रिकामा. पांढऱ्याला प्यादं आठव्या ओळीपर्यंत न्यायचं आहे, की त्याचा वजीर होईल आणि डाव संपला.

चाल काळ्याची असेल तर? काळा राजा प्याद्याला अडवायला डी-८ वर जातो. प्यादं डी-७ ला पुढे सरकतं. आता काळ्या राजाला एकच घर उरतं, सी-७. तो तिथे गेला की पांढरा राजा ई-७ वर येतो आणि पुढच्या चालीला वजीर. काळा हरला.

आता तीच स्थिती, पण चाल पांढऱ्याची. प्यादं डी-७ ला जाऊन शह देतं. काळा राजा प्याद्याच्या नाकासमोर डी-८ वर येऊन बसतो. प्यादं वाचवायला पांढऱ्या राजाला डी-६ वर यावं लागतं. तो आला की काळ्याला चालायला एकही घर नाही आणि शहही नाही. याला स्टेलमेट म्हणतात, आणि तो नियमाने बरोबरी. प्यादं वाचवलं नाही तर ते मारलं जातं, तरीही बरोबरी.

तीच घरं, तेच तीन मोहरे. फक्त चाल कोणाची यावरून एकदा हार आणि एकदा बरोबरी. बुद्धिबळात 'पास' म्हणता येत नाही, चाल करावीच लागते, आणि कधीकधी चाल करावी लागणं हीच शिक्षा असते. आता यात दोन्हीकडे आणखी काही मोहरे आणि चार-पाच प्यादी घाला, आणि वर दहा सेकंदांचं घड्याळ लावा. बाटूमीत शेवटच्या वीस-पंचवीस चालींत दोघी अशा जाळ्यात होत्या. म्हणून पटावर पहिली चूक कोणी केली यापेक्षा शेवटची कोणी केली याला मोल. हे वाक्य माझं नव्हे. बुद्धिबळाच्या क्लबात बसणारा कुठलाही म्हातारा ते दिवसातून दोनदा म्हणतो.

रेटिंगच्या हिशेबाने हा निकाल कसा होता? रेटिंग हा खेळाडूच्या ताकदीचा आकडा. अर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन प्राध्यापकाने ही पद्धत बसवली आणि जागतिक संघटनेने ती १९७० मध्ये घेतली. त्यातला मुद्दा साधा आहे: दोन आकड्यांमधला फरक सांगतो की शंभर डाव झाले तर कोणाला किती गुण मिळावेत. हंपी २५४३, दिव्या २४६३. फरक ऐंशीचा. त्यातून हंपीच्या वाट्याला शंभरात एकसष्ट गुण येतात. चार डावांना ताणलं तर हंपीला साधारण अडीच, दिव्याला दीड. घडलं बरोबर उलटं. (रॅपिडचं रेटिंग वेगळं असतं, त्यामुळे हा हिशेब ढोबळच समजा.) ऐंशीचा फरक म्हणजे डोंगर नव्हे, चढ आहे. चढावर दमवणं होतं, अडवणं होत नाही.

मघाशी म्हटलेली दिव्यापुरती आणखी एक गोष्ट म्हणजे ग्रँडमास्टर हा किताब. एरवी तो मिळवायचा तर रेटिंग एकदा तरी २५०० ला पोचावं लागतं आणि तीन 'नॉर्म' लागतात. नॉर्म म्हणजे एखाद्या तगड्या स्पर्धेत, साधारण नऊ डावांत, २६०० रेटिंगच्या खेळाडूला शोभेल अशी कामगिरी. प्रतिस्पर्ध्यांमध्ये ग्रँडमास्टर किती हवेत, परदेशी किती हवेत, याचेही नियम. कित्येक जण दोन नॉर्मवर वर्षानुवर्षं अडकतात. दिव्याकडे बाटूमीला जाताना एकही नव्हता. पण महिला विश्वचषक जिंकणारीला हा किताब थेट मिळतो, असा नियम आहे. एका संध्याकाळी ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली, आणि हंपी, हरिका, वैशाली यांच्यानंतर चौथी स्त्री.

'महिला ग्रँडमास्टर' असा आणखी एक किताब असतो, तो दिव्याला २०२१ मध्येच मिळाला होता. त्याची रेटिंगची अट २३०० ची. नुसता 'ग्रँडमास्टर' मात्र स्त्री-पुरुष सगळ्यांना एकच. बायकांसाठी वेगळ्या स्पर्धा आणि वेगळे किताब असावेत का, यावर बुद्धिबळात जुना वाद आहे. खेळायला मात्र बायकांना खुल्या स्पर्धा मोकळ्या आहेत, आणि ते मोकळं होण्यात एका मराठी मुलीचा वाटा आहे. मुंबईच्या खाडिलकर बहिणी, वासंती, जयश्री आणि रोहिणी, 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या मुली. १९७४ मध्ये भारतात महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती वासंतीने जिंकली, आणि पहिली दहा वर्षं ते विजेतेपद या तिघींच्या घराबाहेर गेलं नाही. १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली. त्यावर गदारोळ झाला, आणि जागतिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी सांगितलं की बायकांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही. आत्याला ही नावं लगेच आठवली. "त्या तिघी वेण्या घालून फोटोत असायच्या, त्याच ना?" वेण्यांचं मला ठाऊक नाही.

त्यानंतर आठवडाभराने आत्याचा परत फोन. तिने माळ्यावरून शेजारच्या पोराचा जुना पट उतरवला होता आणि मी सांगितलेली स्थिती मांडून बसली होती.

"चाल पांढऱ्याची ना? मग मी प्यादं ढकलतच नाही. राजाच तिरका मागे घेते, डी-५ वर. आता?"

"आता काळा राजा डी-७ वर, तुझ्या प्याद्याच्या तोंडासमोर."

"मी ई-५ वर."

"इथे काळ्याला जपून राहावं लागेल. तो सरळ ई-८ वर गेला तर तू ई-६ वर येशील, स्थिती तीच होईल पण चाल काळ्याची असेल. मेला. म्हणून त्याने डी-८ वर जायचं. वाचवणारी ही एकच चाल आहे."

पलीकडे मोहरा सरकल्याचा आवाज. "बरं. मग मी ई-६ वर."

"तो ई-८ वर. आता बघ पट."

थोडा वेळ काहीच नाही. मग, "अगं, हे तर मगाचंच झालं. आणि चाल परत माझीच."

"हो."

"थांब, ठेवू नको फोन," ती म्हणाली. "गॅस बारीक करून येते."